थर्टी-थर्टी

थँक्सगिव्हिंगच्या आधीचा शनिवार जवळ आला की अमेरिकेतलं विस्कॉन्सिन राज्य नारिंगी होतं. पेट्रोल पंपावर, किराणा दुकानात, चर्चच्या आवारात, जिथं पाहावं तिथं डोळ्यांत भरणारी नारिंगी जाकिटं आणि टोप्या. हरणाच्या बंदुकीच्या शिकारीचा हंगाम त्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. साठेक लाख वस्तीच्या या राज्यात पाच लाखांहून जास्त माणसं त्या नऊ दिवसांसाठी परवाना काढतात. नारिंगी रंग 1980 साली कायद्यानं सक्तीचा झाला; 2016 पासून भडक गुलाबीही चालतो. कमरेच्या वरच्या कपड्यांचा निम्मा भाग तरी अशा रंगाचा हवा, म्हणजे झाडीतून माणूस माणसाला दिसतो. हरणाच्या डोळ्याला नारिंगी रंग आपल्यासारखा भडक दिसतच नाही.

माझी मुलगी लग्न होऊन या राज्यात आली. तिचं सासर उत्तरेला, प्राइस काउंटीतल्या फिलिप्स गावाकडचं. यंदा नातू बारा वर्षांचा झाला आणि व्याह्यांचा निरोप आला: पोराला त्याची पहिली रायफल द्यायची आहे, आजीनं त्या वेळी हजर असावं. माझे वडील कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगून होते, हे लग्नाच्या बोलण्यात कधीतरी निघालं होतं. व्याह्यांनी ते पक्कं लक्षात ठेवलं होतं. तेव्हापासून आमच्या दोघांच्या गप्पांना विषय कमी पडला नाही. मुलगी मध्ये बसून दोघांचं बोलणं इकडून तिकडे पोचवते.

मॅडिसनहून निघालो. सरळ गेलं तर चारेक तासांचा रस्ता, पण जावयांनी गाडी आधी बॅराबूकडे वळवली. विस्कॉन्सिन नदीच्या काठी तिथं आल्डो लिओपोल्डची झोपडी आहे. 1935 साली या प्राध्यापकानं ही निकस, वाळूची शेतजमीन विकत घेतली, तेव्हा तिच्यावर कोंबड्यांचं एक खुराडं तेवढं उभं होतं. त्या खुराड्याचीच त्यांनी राहण्याची जागा केली आणि बायकामुलांसह हजारो पाइन लावले. वन्यजीवांचा विचार करणाऱ्या जगभरच्या लोकांना ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ हे पुस्तक माहीत असतं. ते 1949 साली आलं, लिओपोल्ड गेल्यानंतर. शेजाऱ्याच्या रानात लागलेला वणवा विझवायला ते धावले आणि तिथंच गेले.

लिओपोल्ड आयुष्यभर शिकारी होते, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. 1943 साली ते राज्याच्या संवर्धन आयोगावर होते. हरणं इतकी वाढली होती की हिवाळ्यात कोवळी झाडं ओरबाडून संपत आणि मग हरणं उपाशी मरत. त्या वर्षी नरांबरोबर माद्या मारायलाही परवानगी मिळाली. सारं राज्य खवळलं. नरच मारायचा या शिस्तीत वाढलेल्या लोकांना तो गुन्हाच वाटला. व्याह्यांच्या वडिलांनी तो राग मरेपर्यंत सोडला नाही, असं जावयांनी त्या झोपडीसमोर उभं राहून सांगितलं. आणि त्याच घरात आज व्याह्यांच्या कपाटात लिओपोल्डचं पुस्तक आहे, पानं सुटी झालेलं.

पुढं पोर्टेज, स्टीव्हन्स पॉइंट, वॉसॉ अशी गावं मागं टाकत रस्ता उत्तरेला जातो. शेतं संपतात, झाडी दाट होते, आकाश करडं होतं. फिलिप्सच्या अलीकडं हमरस्त्याला लागून फ्रेड स्मिथ नावाच्या एका निवृत्त लाकूडतोड्यानं सिमेंटचे पुतळे उभारलेत, अंगावर फुटक्या बाटल्यांच्या काचा लावलेले. 1948 पासून सोळाएक वर्षं तो हेच करत राहिला. 237 पुतळे झाले. त्यात लाकूडतोडे आहेत, घोडे आहेत आणि अर्थातच हरणं आहेत. या मुलखातला माणूस शिल्प घडवायला बसला तर त्याच्या हातून हरीण होणारच.

व्याह्यांचा डिअर कॅम्प म्हणजे जंगलातलं एक खोलीचं लाकडी घर. मधोमध लाकडाची शेगडी, भिंतींना एकावर एक बाकडी, दारामागं खिळ्यांना लटकवलेले जुने पाठीवरचे क्रमांक. पूर्वी प्रत्येक शिकाऱ्याला परवान्याचा क्रमांक पाठीवर लावावा लागे. 2016 पासून तो नियम गेला, पण जुने क्रमांक कुणी फेकले नाहीत. शेगडीच्या वरच्या फळीवर एक जाड वही होती. तिच्याबद्दल पुढं सांगते.

रात्री जेवणं झाल्यावर व्याह्यांनी लोखंडी कपाट उघडलं. कपाटाची किल्ली एकीकडं, काडतुसांच्या पेटीची दुसरीकडं. ही अट माझ्या मुलीची आणि ती घरात सगळ्यांनी मानलेली. या देशात बंदुकीनं शाळांमध्ये काय काय घडलंय हे आम्ही वाचत आलोय. मुलीनं लेकाच्या हाती रायफल देण्याला होकार दिला तो सहज दिलेला नाही, आणि सासऱ्यांनीही तो गृहीत धरला नाही. नातवानं शिकारी-शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण केला, परीक्षा दिली, मैदानावर प्रत्यक्ष हाताळणी करून दाखवली. विस्कॉन्सिनमध्ये 1 जानेवारी 1973 ला किंवा नंतर जन्मलेल्या कुणालाही या प्रमाणपत्राशिवाय स्वतःच्या जबाबदारीवर परवाना मिळत नाही. तिथं शिकवतात ते चार नियम नातू मला घडाघडा म्हणून दाखवतो. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असंच समजायचं. नळी कायम सुरक्षित दिशेला ठेवायची. आपण कशावर नेम धरलाय, त्याच्या अलीकडं काय आहे आणि पलीकडं काय आहे, याची खात्री करायची. बार टाकायची वेळ येईपर्यंत बोट चापाबाहेर.

कपाटातून निघाली ती विंचेस्टर 94. काळपट निळी नळी, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, त्यावर गालाच्या जागी झिजून गुळगुळीत झालेला ठसा. व्याह्यांच्या वडिलांनी ती कागद गिरणीच्या पगारातून, हप्त्याहप्त्यानं, गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून घेतली होती. 1965 साली बारा वर्षांच्या व्याह्यांच्या हाती ती आली. पुढं माझ्या जावयांच्या. आता नातवाच्या.

ही रायफल जॉन ब्राउनिंगनं आखली, 1894 साली. म्हणून नावात 94. पुढच्याच वर्षी तिच्यासाठी थर्टी-थर्टी हे काडतूस आलं. पहिला तीसचा आकडा गोळीच्या जाडीचा, इंचाच्या शंभराव्या भागांत. दुसरा दारूचा, तीस ग्रेन, जेमतेम दोन ग्रॅम. बिनधुराच्या दारूवर चालणारं अमेरिकेतलं हे शिकारीचं पहिलं लहान जाडीचं काडतूस. त्याआधी बार काढला की धुराच्या ढगात सावज दिसेनासं व्हायचं. कनेटिकट राज्यात न्यू हेवनच्या कारखान्यात या रायफली सत्तर लाखांहून जास्त झाल्या. 2006 साली तो कारखाना बंद पडला. 1964 साली कंपनीनं घडण स्वस्त केली, तेव्हापासून जाणकार आधीची आणि नंतरची असा फरक करतात. व्याह्यांची आधीची आहे. ते हे सांगताना थांबले, चापाखालची लिव्हर एकदा खाली ओढून वर आणली आणि तो आवाज आम्हाला ऐकू दिला.

तिची काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागं एक आडवी बसतात. म्हणून गोळीचं नाक चपटं असतं. ते टोकदार असतं तर धक्क्यानं पुढच्या काडतुसाच्या बुडावर आदळून ते आतच उडण्याची भीती. दीडशे यार्डांच्या पुढं तिचा भरवसा नाही, पण या दाट झाडीत एवढ्या लांबचं दिसतं कुठं? वजनाला तीन किलो. दिवसभर हातात धरून चालता येते.

खरी जोखीम आहे तिच्या घोड्यात. जुन्या 94 ला सुरक्षिततेचा वेगळा खटका नाही. घोडा अर्धा चढवला की चाप अडतो. पूर्ण चढवला की बार तयार. आणि हरीण निघून गेलं, बार टाकायचा नाही, असं ठरलं की चढवलेला घोडा अंगठ्यानं धरून, चाप दाबून, हळूच खाली आणावा लागतो. थंडीत बधिर झालेल्या बारा वर्षांच्या अंगठ्यातून तो निसटला तर गोळी सुटते. व्याह्यांनी उन्हाळाभर नातवाकडून रिकाम्या रायफलीवर हेच करून घेतलं. हातमोजे घालून. बसून, उभ्यानं, अंधारात. नेमबाजी त्यांनी नंतर शिकवली. त्या रात्रीही त्यांनी रायफल त्याच्या हाती दिली, ती रिकामी आहे हे त्याच्याकडून तपासून घेतलं आणि घोडा चढवून उतरवायला सांगितला. पोरानं नळी जमिनीकडं केली, जीभ दातांत धरली आणि उतरवला. मग व्याही एवढंच म्हणाले, “आता ही तुझी.” टाळ्या नाहीत, फोटो नाहीत. माझ्या मुलीनं मात्र श्वास सोडलेला मी ऐकला.

माझ्या वडिलांची बंदूक याहून कितीतरी साधी होती. नळीत दारू ओतायची, गजानं ठासायची, छर्रे, पुन्हा ठासणी, टोपी. एक बार चुकला की दुसऱ्याला वेळ नाही, आणि चवताळलेलं रानडुक्कर समोर. भातात डुकरं शिरली की ते रात्री माळ्यावर बसत. पावसाळा संपला की गावाची पारध निघे: हाकारे एका अंगानं, बंदुकवाले दुसऱ्या अंगाला वाटा धरून. डुक्कर, कधी भेकर. वाटे ठरलेले होते. ज्याचा बार लागला त्याला मुंडी आणि मांडी, हाकाऱ्यांना सारखे वाटे, ज्याच्या कुत्र्यानं अडवलं त्याला कुत्र्याचा वाटा. घरात मर्तिक असलेल्याकडं त्याचा वाटा पोचता होई. मी मुलगी, त्यामुळे बंदुकीला हात लावायला मिळाला नाही. गज तेवढा पुसायला मिळे. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि पारध थांबली. बंदूक पिकाच्या राखणीपुरती राहिली, आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होऊ लागली.

मी हे सांगत होते आणि मुलगी इंग्रजीत सांगत होती. व्याह्यांनी सगळ्यात जास्त प्रश्न वाट्यांबद्दल विचारले. कुत्र्याचा वाटा त्यांना फार आवडला.

शनिवारी सूर्योदयाच्या अर्धा तास आधी बार टाकायला मुभा असते. सगळे त्याच्याही तासभर आधी, काळोखात निघाले. नातू बापाबरोबर, या वयाच्या मुलानं मोठ्या माणसाच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यातच राहायचं असतं. जावयांची बहीण एकटी, ओढ्याच्या वरच्या बाजूला. ती दवाखान्यात नर्स आहे आणि या घरातला सगळ्यात अचूक नेम तिचा. मी शेगडीपाशी राहिले. उजाडता उजाडता लांबून बार ऐकू यायला लागले. व्याह्यांनी आदल्या रात्री सांगून ठेवलं होतं: एक बार म्हणजे हरीण, दोन म्हणजे कदाचित, तीन म्हणजे काही नाही. ओढ्याकडून एक बार आला. पाठोपाठ शांतता.

मादी होती. उत्तरेकडच्या या काउंट्यांमध्ये मादीचे परवाने मोजके असतात, दरवर्षी हरणांची संख्या पाहून किती द्यायचे ते ठरतं. जावयांच्या बहिणीकडं तसा परवाना होता. आम्ही पोचलो तेव्हा ती हरणाच्या मानेवर हात ठेवून बसली होती. मग बाह्या सारून कामाला लागली. मांस लवकर थंड व्हायला हवं, म्हणून पोट जागेवरच उघडतात. नातवानं मागचे पाय धरले. तोंड पांढरंफटक पडलं होतं, पण पाय सोडले नाहीत. आत्यानं त्याला काळीज, फुप्फुसं, गोळी शिरली ती जागा असं एकेक दाखवलं. जनावर किती वेळ जिवंत होतं, हे फुप्फुसावरून कसं कळतं, तेही सांगितलं. ज्याला मांस खायचंय त्यानं हे एकदा तरी पाहावं, असं माझं मत आहे, आणि ते गावी बोकड कापताना पाहणाऱ्या माझ्या पिढीचं मत आहे.

पूर्वी मारलेलं हरीण गाडीवर घालून गावातल्या नोंदणीच्या ठिकाणी न्यावं लागे. बहुधा ते एखादं दारूचं दुकान किंवा पेट्रोल पंप. तिथं माणसं जमत, शिंगं मोजत, गोष्टी सांगत. 2015 पासून नोंदणी फोनवर किंवा इंटरनेटवर होते, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत. सोय झाली हे खरं, पण गर्दी गेली, असं व्याही हळहळून म्हणाले. दुसरा बदल जास्त गंभीर आहे. 2002 साली या राज्याच्या दक्षिण भागात हरणांमध्ये मेंदू पोखरणारा एक असाध्य रोग सापडला आणि तो पसरत गेला. आता मानेतल्या गाठी तपासायला देतात. ठिकठिकाणी पेट्या ठेवलेल्या असतात, त्यात मुंडकं ठेवून यायचं. रोग निघाला तर मांस खाऊ नये असा सल्ला आहे. या घरात अहवाल येईपर्यंत मांस गोठवून ठेवतात. पूर्वी कॅम्पवर पहिल्याच रात्री काळीज कांद्यावर परतून खायची रीत होती. आत्यानं ती यंदा मोडली आणि व्याह्यांनी मान डोलावली.

खाणं झालं ते मागच्या वर्षीच्या हरणाचं. पाठीच्या कण्यालगतचं मांस मला दिलं. चरबी जवळजवळ नाही, म्हणून जास्त शिजवलं तर चिवट होतं. मी सोबत नेलेलं भाजलेलं सुकं खोबरं आणि मालवणी मसाला काढला, कांदा विस्तवावर भाजला, वाटण केलं आणि मांस शेवटी टाकून लगेच उतरवलं. भाकरी नव्हती, पावाशी खाल्लं. विहीणबाईंनी मसाल्याचं प्रमाण लिहून घेतलं.

लिहून घेण्याची या घराला सवयच आहे. फळीवरच्या त्या जाड वहीत दर हंगामाची नोंद आहे, व्याह्यांच्या वडिलांच्या हस्ताक्षरापासून. वारा कुठला, बर्फ किती, कोण कोण आलं, कोणत्या ओढ्याला कोणत्या वेळी हरीण दिसलं, कुणाचा बार चुकला, कुणी सोडून दिलं. मध्येच लग्नाची, मरणाची बातमी. एका पानावर व्याह्यांचं पहिलं हरीण आहे: तारीख, जागा आणि खाली बापानं लिहिलेली एक ओळ, की पोरानं घाई केली नाही. नातवाला या हंगामात हरीण मिळालं नाही. वहीत तसंच लिहिलं गेलं, त्याच्याच अक्षरात.

ही परंपरा टिकली यामागं नुसतं घराण्याचं प्रेम नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथले पाइन तोडले गेले, बाजारासाठी शिकार करणाऱ्यांनी रेल्वेनं मांस शहरांना पाठवलं आणि 1900 च्या सुमारास देशभरात पांढऱ्या शेपटीची हरणं पाचेक लाखांवर आल्याचा अंदाज आहे. आज ती तीन कोटींच्या घरात आहेत. मधल्या काळात रानातल्या सावजाचं मांस विकायला बंदी आली, हंगाम ठरले, आणि 1937 च्या कायद्यानं रायफलींवरचा आणि काडतुसांवरचा कर, आज 11 टक्के, राज्यांना वन्यजीवांसाठीच मिळू लागला. सावज कुणा जमीनदाराचं नाही, सगळ्या जनतेचं, हे तत्त्व त्याच्या मुळाशी आहे. आणि या जंगलात शिकारीची याहून कितीतरी जुनी परंपरा ओजिब्वे या इथल्या मूळनिवासी लोकांची. 1837 आणि 1842 च्या करारांत जमीन देताना त्यांनी शिकारीचा हक्क राखून ठेवला होता. 1983 साली न्यायालयानं तो मान्य केला. व्याह्यांची वही जाड आहे, पण त्या परंपरेपुढं ती अगदी नवी आहे, हे व्याही स्वतःच सांगतात.

आपल्याकडं शिकारबंदी आली ती योग्यच झाली. जंगलं आक्रसली होती, जीप आणि प्रखर दिवे घेऊन रात्री मारणाऱ्यांनी काही शिल्लक ठेवलं नव्हतं. पारध पुन्हा सुरू व्हावी असं मला वाटत नाही. पण पारधीला गेलेल्या माणसांना भेकराची वाट कळत होती, डुकराची लोळण्याची जागा, वाऱ्याची दिशा, कुठल्या महिन्यात पिल्लावळ असते म्हणून कुठं जायचं नाही, हे सगळं कळत होतं. मारुती चितमपल्लींनी रानातल्या अशा माणसांचं ऐकून पुस्तकं लिहिली, म्हणून त्यातलं थोडं तरी छापलं गेलं. 1972 आधी हाक्याला गेलेली माणसं आज सत्तरीच्या पुढं आहेत. तुमच्या गावात, घरात असा कुणी आजोबा असेल तर या सुट्टीत त्याच्यापाशी वही घेऊन बसा. ओढ्यांची आणि पाणवठ्यांची नावं विचारा, वाटे कसे पडायचे ते विचारा, आणि त्याच्याच शब्दांत लिहून काढा.